उंबरा नको, चूल मोज

लातूर, 18 जून 2015

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला. रागाचं आधी लिहून टाकते.

'लोक खोटं बोलतात, ताई' असं तू लिहिलंस. नेपाळातल्या सिंधुपाल्चोकच्या त्या डोंगरावर तुम्ही छपराचे पत्रे घेऊन चढलात, कुटुंबामागे एक गठ्ठा असा हिशेब होता, आणि जिथं भूकंपाआधी एक घर होतं तिथं तीन कुटुंबं येऊन उभी राहिली. म्हातारा वेगळा, थोरला वेगळा, धाकट्याची बायको वेगळी. धाकटा कतारमध्ये. शाळेच्या मास्तरांनी तुला बाजूला घेऊन सांगितलं, हे सगळे एकाच छपराखाली होते, आता पत्र्यांसाठी फुटलेत. तू दोन नावं खोडलीस. धाकट्याची बायको काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. आणि तेव्हापासून तुला झोप नाही.

नसू दे. मास्तरांनी छप्पर पाहिलं होतं, चूल पाहिली होती का? तू पाहिलीस?

चूल मोज. उंबरा मोजू नकोस, कार्ड मोजू नकोस, त्यांचा तो जमिनीच्या मालकीचा कागद, लालपुर्जा, तर मुळीच मोजू नकोस. कोण कुणाच्या हातचं खातं, पिठाचा डबा कुणाचा वेगळा आहे, एवढं बघ आणि तेवढं लिही. मोडलेल्या घरात एकत्र राहणारी माणसं ताडपत्रीखाली एकत्र राहतीलच असं कोण म्हणालं? ताडपत्री केवढी असते? तूच वाटलीस ना?

आता किल्लारीच्या भूकंपाचं सांगते. तुझा जन्मही तेव्हा झालेला नव्हता, त्यामुळे तुमच्या घरी दर 30 सप्टेंबरला जे बोलतात तेवढंच तुला माहीत. 1993 ला अनंत चतुर्दशी 29 तारखेला होती. गणपती बुडवून लोक उशिरा झोपले आणि पहाटे चार वाजायच्या जरा आधी माळवदं खाली आली. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती, मधे नुसती माती, आणि वर लाकडाच्या खणांवर वर्षानुवर्षं चढवलेले पांढऱ्या मातीचे थर. उन्हाळ्यात काय गार असायची ती घरं! जवळपास दहा हजार माणसं गेली, बहुतेक झोपेतच. नेपाळातही दगड-मातीच आहे, तू फोटो पाठवलेस त्यावरून दिसतं. फरक एवढाच की तिथं शनिवारची दुपार होती, शाळांना सुट्टी, बरीचशी माणसं रानात. तुझी यादी पत्र्यांपासून सुरू झाली. आमची सुरू झाली मेलेल्यांपासून.

मी समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते. आम्हाला तेरणेकाठच्या गावांमध्ये पाहणीला पाठवलं. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले, वरून पाऊस, आणि ढिगाऱ्यातून येणारा तो वास. मदत उदंड होती. सगळा देश ट्रक भरभरून पाठवत होता. नव्हती ती नीट यादी. ट्रक आला की धडधाकट माणूस पुढं पळायचा, आणि जिचं सगळं गेलं ती शेडच्या तोंडाशी बसून राहायची.

अशाच एका शेडमध्ये एक बाई होती. नवरा गेलेला, दोन पोरं वाचलेली. सासरा, दीर, जाऊ पलीकडच्या कोपऱ्यात. तिनं स्वतःच्याच पडक्या भिंतीचे तीन दगड आणून चूल मांडली होती, पण तिच्यावर काळं जेमतेम धरलं होतं, म्हणजे पेटत होती क्वचितच. मी सासऱ्याच्या नावाखाली सून म्हणून तिला लिहायला लागले तर तिनं माझा हातच धरला. म्हणाली, "मला येगळं लिवा, ताई. मामांच्या खाली लिवलं की माझं त्यांच्या हातात जातंय." सासरा समोरच बसलेला. तो काही दुष्ट नव्हता. त्याचाही पोरगा गेला होता. पण धान्याचं पोतं त्याच्या उशाशी होतं आणि तिला रोज मागून घ्यावं लागत होतं.

मी तिला वेगळं लिहिलं. आमच्या गटप्रमुखांनी रात्री कंदिलाच्या उजेडात ते नाव खोडलं. मी पुन्हा लिहिलं. ते म्हणाले, असं प्रत्येक सुनेला वेगळं धरलं तर कुटुंबं दीडपट होतील, सरकार आपल्या पाहणीवर विश्वास ठेवणार नाही. मी म्हणाले, होऊ देत दीडपट. भांडण एवढं वाढलं की मला दुसऱ्या गावाला हलवलं. कार्बन घालून लिहायची माझी सवय होती, त्यावरून पोरं हसायची. त्या कार्बनमुळं ती नोंद माझ्याकडे राहिली, एवढंच.

पुढं पुनर्वसनाच्या याद्या झाल्या. 52 गावं नव्या जागी हलवायची ठरली. घराचं माप जमिनीवर: भूमिहीनाला आणि अगदी थोडी जमीन असलेल्याला 250 चौरस फूट, मधल्यांना 400, सात हेक्टरांच्या वर असलेल्याला 750. ज्याचा सातबारा मोठा त्याचं घर मोठं. गमावलं कुणी किती, हा प्रश्न त्या कोष्टकात बसत नव्हता. त्या बाईच्या गावात यादी वाचली गेली तेव्हा मी परीक्षेला गेले होते. नंतर कार्बन घेऊन कचेरीत गेले. साहेब म्हणाले, हरकतींची मुदत संपली.

परीक्षा होती, गेले. आजही गेले असते. आणि तिथं असते तरी भरलेल्या सभेत, सासऱ्यासमोर, माझ्या एकटीच्या बोलण्यानं काय झालं असतं? हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय. तुलाही सांगून पाहिलं. ती बाई दिराच्या घराच्या पडवीत पत्र्याचा आडोसा करून राहिली, पोरं तिथंच वाढली. मी जाते अधूनमधून. ती चहा करते, मला कधी काही विचारत नाही.

म्हणून म्हणते, चूल मोज.

तुला वाटेल ताईंचं एकच तुणतुणं. वाटू दे. माझ्याबरोबरची माणसं मोठमोठ्या संस्थांत गेली, परिषदांत बोलतात. मी अजून याद्या तपासते. भूजच्या भूकंपानंतर मला बोलावलं तेव्हाही तिथल्या तरुण पोरांशी मी याच एका गोष्टीवरून वाद घातला आणि परत कुणी बोलावलं नाही. हेकट म्हणतात मला. पण आमच्याकडेच पुढं काय झालं ते बघ. जी गावं हलवली नाहीत तिथं घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचा कार्यक्रम आला, जागतिक बँकेच्या कर्जातून. लोकांपर्यंत माहिती पोचेना, अनुदान कशाचं, हप्ता कधी, काही कळेना. तेव्हा गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं, आणि 'स्वयं शिक्षण प्रयोग'सारख्या संस्थेनं ते काम उचललं. कुणाच्या घरात पैसा आला आणि कुठं गेला हे त्या बायकांना ठाऊक होतं, कारण त्यांना गावातल्या चुली ठाऊक होत्या. मी वेगळं काय सांगत होते?

आता तुझ्या त्या गावाचं. तुला मास्तर भेटले, कारण मास्तरांना हिंदी येतं आणि त्यांचं घर रस्त्याला लागून आहे. बाहेरून गेलेल्या प्रत्येकाला आधी असाच माणूस भेटतो. नेपाळात गावपातळीवर निवडून आलेलं कुणी 2002 पासून नाहीच. सचिव आणि पक्षांची माणसं बसून यादी करतात. सरकार तात्पुरत्या निवाऱ्याला पंधरा हजार देतंय ते याच याद्यांवरून, आणि उद्या पक्क्या घराचे पैसे आले तर पाया हाच राहील. तू पत्र्याच्या गठ्ठ्यासाठी खोडलेलं नाव गठ्ठ्यापुरतं खोडलं जात नाही, हे डोक्यात ठेव. नवरा कतारला, जमीन सासऱ्याच्या नावावर, लालपुर्जा ढिगाऱ्यात. कागदावर त्या बाईचं काहीच नाही. तिच्याकडे फक्त चूल आहे.

परत जाशील तेव्हा संध्याकाळी जा, स्वयंपाकाच्या वेळी. दिवसा पुरुष बोलतात. धूर कुठून कुठून निघतो ते आधी लांबून बघून घे. 'तुमच्यातले किती गेले' असं कुणालाही विचारू नकोस, ऐकायलाच कसंतरी होतं. 'घरात कोण कोण होतं' विचार. मग माणसं नावं घेतात, गेलेल्यांचीही घेतात, मधेच थांबतात. तू पेन खाली ठेव आणि थांब. घाई असेल तर जाऊच नकोस. नाव घेताना म्हातारी रडली म्हणून तिला गप्प करायला बिस्किटं काढायची नाहीत. तुमच्या गटातली ती मुलगी असं करते हे तूच लिहिलंयस. तिला सांग.

यादी झाली की गावात मोठ्यानं वाच. सगळ्यांसमोर, बायका असताना. भांडणं होतील. होऊ देत, ती तिथंच झालेली बरी. कुणी खरंच खोटं बोललं असेल तर शेजारीण उठून सांगेल, त्यासाठी तुला मास्तर लागणार नाहीत. आणि समजा, चार नावं खोटी राहिलीच. तर चार गठ्ठे जास्त जातील. एक खरं नाव सुटण्यापेक्षा मला ते चालतं. तुझ्या संस्थेला चालत नसेल तर त्यांच्याशी भांड. मला त्यांच्या वतीनं समजावू नकोस.

आणि 'पुन्हा येतो' असं म्हणून आला असशील तर जा. नसशील म्हणाला तर नाही गेलास तरी चालेल, कुणी वाट पाहत बसलेलं नाही.

शेवटी तू विचारलंयस की इंजिनिअरिंग सोडून हेच काम करू का. अरे, सिव्हिलचं एक वर्ष राहिलंय तुझं. त्या लोकांना भिंतीत आरपार दगड कुठं घालायचा, आडवे पट्टे कुठं बांधायचे हे सांगणारा माणूस हवाच आहे, रडवेला कार्यकर्ता कशाला? पण घराचा नकाशा काढायला बसशील तेव्हा आधी बाईला विचार चूल कुठं हवी. आमच्याकडे नव्या गावांत सरळ रेषेत घरं बांधली, रुंद रस्ते केले, आणि बायकांनी चुली बाहेर अंगणात आणून मांडल्या. कित्येक जण वर्षानुवर्षं स्लॅबखाली झोपायला तयार नव्हते, बाहेर पत्र्यात झोपायचे.

पावसाळ्याचे दिवस आहेत, त्या डोंगरांत दरडी कोसळतील. जायचं तर आठवड्याच्या आत नीघ. गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि पुढं सुनौलीहून बस, मागच्यासारखंच. जाड पुठ्ठ्याची वही, बॉलपेन आणि कार्बन घे. शाईचं पेन नको, पावसात सगळं फुटतं. खोडलेली दोन्ही नावं आधी लिही, मग बाकीच्यांकडे वळ.

मास्तरांना माझा नमस्कार सांगू नकोस.

तुझी,
ताई