पहिल्या गेममध्ये जमाती रचताना

भाऊ, तुझ्या पहिल्या रोल-प्लेइंग गेममध्ये (ज्यात खेळणारा एखादं पात्र होऊन खेळतो) सुरुवातीला तीन काल्पनिक जमाती पुरे. पहिली चूक आकड्यांतच होते: ऑर्क या कल्पित राक्षसी जमातीला ताकदीचे गुण +२, बुद्धीचे −२. अख्खी जमात जन्मजात मठ्ठ ठरते! २०२३च्या 'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेममध्ये +२ आणि +१ हे वाढीव गुण कुठल्याही वंशाच्या पात्राला हवे तिथे लावता येतात, तसंच ठेव.

दुसरी चूक आपल्याला जास्त बोचते. डोंगरातली टोळी म्हणून सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांचे दागिने, तिरकमठा उचलायचा, लुटारूच्या तोंडी अहिराणी घालायची आणि राजाला पुणेरी मराठी. हे नको रे. अहिराणी सेनापतीला दे, वैद्याला दे.

प्रत्येक जमातीत निदान तीन पात्रं लिही:
- दुकानदार
- शत्रू
- सोबती

तिघांचे स्वभाव वेगळे हवेत. 'सगळे गॉब्लिन (कथांमधले बुटके, कुरूप जीव) लोभी' असं वर्णनात दिसलं की खोड. बाकी गणितं नंतर बघू.