हिमोग्लोबिन वाढत नाहीये? बीट वाढवण्याआधी जेवणानंतरचा चहा बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. हिमोग्लोबिन ९.४, पूर्ण शाकाहारी, आणि दोन महिने रोज बीट-डाळिंब खाऊनही आकडा हलत नाही. मी बरीच वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय आणि माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये ही तक्रार कायम असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं असं आपल्याकडे पक्कं बसलंय. पण १०० ग्रॅम बिटात लोह १ मिलिग्रॅमसुद्धा नसतं, डाळिंबात त्याहून कमी. पाळी चालू असलेल्या बाईची दिवसाची लोहाची गरज आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २९ मिलिग्रॅम धरलीये, म्हणजे बिटाच्या भरवशावर बसलात तर काहीच होणार नाही. खायचं असेल तर खा, चांगलंच आहे ते, पण रक्तासाठी म्हणून नको.

त्यापेक्षा बाजरी बघा. १०० ग्रॅम पिठात, म्हणजे साधारण दोन मध्यम भाकऱ्यांत, ६ मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळतं. मटकी, चवळी, सोयाबीन, तीळ, हळीव, लाल माठ, राजगिऱ्याचा पाला हे सगळं आपल्याच बाजारात मिळतं आणि डाळिंबापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

आता खरा मुद्दा. भाजी-धान्यातलं लोह शरीर मुळात कमीच शोषून घेतं, आणि त्यावर जेवण झाल्या झाल्या चहा घेतला की त्यातलं टॅनिन ते लोह पकडून ठेवतं आणि ते तसंच बाहेर जातं. तुम्ही लिहिलंय सकाळी पोह्यांबरोबर चहा, दुपारी जेवून उठल्यावर लगेच चहा, मग अजून एकदा चारला. चारचा राहू दे, पण पहिले दोन जेवणाखाण्यापासून निदान तासभर लांब न्या. कॉफीचंही तसंच. आणि उलट बाजूने सी व्हिटॅमिन लोह शोषायला मदत करतं, म्हणून उसळीवर, पोह्यांवर लिंबू पिळायचं पण गॅस बंद केल्यावर, कारण उष्णतेने सी जातं. पेरू, आवळा, कच्ची कोथिंबीर काहीही चालेल. मटकीला मोड आणून खाल्ली तर त्यातलं लोहाला अडवणारं फायटेट कमी होतं, मोड आणायची आपली जुनी पद्धत इथे फार कामाची आहे. आमटी, टोमॅटोची भाजी लोखंडी कढईत केली तर थोडं लोह त्यातूनही उतरतं, फक्त झाल्यावर दुसऱ्या भांड्यात काढा नाहीतर काळी पडते आणि घरचे कुरकुर करतात.

पण ९.४ वर एकट्या जेवणाने भागेल असं मला वाटत नाही, डॉक्टरांकडे जाच. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची नेहमीची तपासणी, तिच्याबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवतं ते) आणि बी-ट्वेल्व्ह व्हिटॅमिन करून घ्या. शाकाहारी माणसात बी-ट्वेल्व्ह कमी असणं खूप कॉमन आहे, ते दूध-दह्यातून थोडंफार मिळतं, पालेभाज्यांतून मिळतच नाही, आणि त्यानेही रक्त कमी होतं. तेव्हा नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन उपयोग नसतो. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार, सीबीसीतच येतो) खूप कमी आणि फेरिटिन मात्र नॉर्मल असं आलं तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा सौम्य दोष, जो लोहाच्या गोळ्यांनी जात नाही, तो आहे का तेही बघतात, म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून गोळ्या सुरू करू नका प्लीज. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा, मूळ कारण बऱ्याचदा तिथेच असतं.

गोळी मिळालीच तर ती दुधाबरोबर, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नका. बद्धकोष्ठता झाली तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर गोळी बदलून देतात. आणि आकडा १२ च्या वर गेला म्हणून लगेच सोडू नका, शरीरातला साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात.

रिपोर्टमध्ये एमसीव्ही किती आलंय ते टाकाल का इथे? आणि दूध-दही रोज किती पोटात जातं तेही सांगा.