यवतमाळहून १९८८ ची डिझेल जीप घेऊन मे महिन्यात लेकराबाळांसह चिखलदऱ्याला तंबूत राहायला जायचंय. आधी काय करून घ्यावं?

रेडिएटर आणि ब्रेक आधी, इंजिन-रंगरंगोटी नंतर. आमच्या गॅरेजात दर उन्हाळ्यात अशा जुन्या जिपा टोचन लावून येतात, त्या बहुतेक याच दोन कारणांनी. पारा ४५ च्या घरात आणि परतवाड्यापुढे घाट, म्हणजे पाणी उकळायला निमित्तच लागतं. गाडी थंड असताना रेडिएटरचे रबरी पाइप दाबून पाहा. कडक झालेत, लिबलिबीत लागतात किंवा क्लिपजवळ चिरा दिसतात, तर सगळेच बदला. फॅन बेल्ट नवा टाका, जुना सोबत ठेवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. उतारावर ड्रम तापले की तेच उकळतं आणि पॅडल सरळ खाली जातं. जुनं पूर्ण काढून नवं भरा, आणि उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच राहा. टायरची नक्षी पाहून फसू नका, बाजूचे चार आकडे वाचा: २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर घरीच ठेवा. निघायच्या आठवडाभर आधी सगळं सामान भरून भर दुपारी पन्नास किलोमीटर फिरवून आणा. फक्त तंबूचं आधी पक्कं करा. चिखलदऱ्याभोवतीच्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पात वन विभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही.