जलपरीचे कार्यक्रम करताना सोबत सहायक नसेल तर सुरक्षित कसं राहायचं?

तुम्ही विचारलंय की नाशिकमध्ये वाढदिवस आणि हळदीच्या कार्यक्रमांत जलपरीचं काम, म्हणजे माशाची शेपटी घालून स्विमिंग पुलात पोहायचं काम, सुरू केलंय, सहायकाला द्यायला पैसे उरत नाहीत, तर हे काम एकटीने करता येईल का. मी सहा वर्षं हे करतेय आणि त्यातली पहिली दोन वर्षं पूर्णपणे एकटी होते. शेपटी उचलायला, मुलांची फोटोसाठी रांग लावायला कुणी नसेल तर निभावतं. पण तुम्ही पाण्याखाली असताना काठावरून फक्त तुमच्याकडे बघणारा, पोहता येणारा माणूस नसेल तर पाण्यात उतरायचं नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. आपण दोन्हींना 'सहायक' म्हणतो आणि पैसे वाचवताना दोन्ही एकदम काढून टाकतो.

'मला दीड मिनिट श्वास रोखता येतो' यावर भिस्त ठेवू नका. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपत आला म्हणून नाही, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. बुडी मारण्याआधी आठ-दहा जोरजोरात श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड खाली जातो, ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही. मग वर येण्याची निकड जाणवायच्या आतच शुद्ध हरपते. चार फूट पाण्यातसुद्धा. आणि जलपरी तळाशी शांत पडलेली दिसली तर पाहुणे मोबाइल काढतात, मदतीला धावत नाहीत. म्हणून जोरजोरात श्वास घ्यायचेच नाहीत, बुडी ३० सेकंदांच्या आत संपवायची आणि दोन बुड्यांच्या मध्ये निदान मिनिटभर काठाला धरून थांबायचं. फ्लोरिडातल्या वीकी वाचीला १९४७ पासून जलपऱ्यांचे खेळ होतात, तिथे पाण्याखाली हवेच्या नळ्या असतात आणि त्यातून श्वास घेत त्या काम करतात. ते बघून इथे कुणी टाकीत नळी सोडून देतो म्हणालं तर रीतसर स्कूबाचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय तोंडाला लावू नका. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते. ती आत कोंडून वर आलात तर फुफ्फुसाला इजा होते.

आता माझ्यावर आलेली वेळ सांगते. डिसेंबर महिना, त्र्यंबक रोडकडचं एक रिसॉर्ट, हळद. फोनवर विचारलं, 'लाईफगार्ड आहे ना?' 'आहे मॅडम.' मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. नाशिकची थंडी तुम्हाला सांगायला नको, त्यात उघडा पूल आणि सूर्य मावळलेला. तिसऱ्या बुडीला उजव्या पोटरीत गोळा आला. दोन्ही पाय एकाच मोनोफिनमध्ये, म्हणजे शेपटीच्या टोकाच्या जोडपंखात, त्यामुळे दुखरा पाय आखडला की दुसराही जागच्या जागी अडकतो. कशीबशी पाठीवर उलटले आणि हातांनी पाणी मारत काठ गाठला. गळ्यात शिट्टी घातलेला मुलगा काठावर उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी त्याला हाक मारायला वर केलेला हात त्याला अभिवादन वाटला. नंतर कळलं, तो सरबताच्या काउंटरवरचा होता आणि त्याला पोहता येत नव्हतं. त्याचा काय दोष? त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

तेव्हापासून अर्धा तास आधी पोचते आणि लाईफगार्डला माझ्यासमोर पुलाची एक लांबी पोहायला सांगते. सुरुवातीला जीभ अडखळायची, आता नाही. मग त्याला शेपटी हातात देते. सांगते की काही झालं तर ती काढत बसू नकोस, आधी माझा चेहरा पाण्याबाहेर काढ. दर बुडीनंतर मी डोक्यावर तळहात ठेवते. ठेवला नाही तर त्याने उडी मारायची. ३० सेकंदांत वर आले नाही तरी उडी. 'नाटक चाललं असेल' असा विचार त्याने करायचाच नाही, चुकून उडी मारली तर मी शंभरदा त्याचे आभार मानेन. श्वास थांबला असेल तर नुसती छाती दाबून भागत नाही, आधी तोंडाने श्वास द्यायचे असतात, हे त्याला येतं का तेही विचारते. १०८ला फोन कोण करणार हेही तेव्हाच ठरवते.

असा माणूस परवडतो कसा ते सांगते, कारण मीही आधी 'परवडत नाही' म्हणायचे. महापालिकेच्या सावरकर जलतरण तलावासारख्या ठिकाणी सकाळी नेमाने पोहणारी कॉलेजची मुलं-मुली असतात. प्रशिक्षकांकडे चौकशी करा. अठरा पूर्ण झालेली, जीवरक्षणाचं प्रशिक्षण घेतलेली एखादी मुलगी दोन तासांसाठी येते. तिचं मानधन माझ्या पैशांतून जात नाही. कोटेशनमध्ये 'पाण्यातली सुरक्षा' अशी वेगळी ओळ टाकते. डीजेचे पैसे देणारे लोक तेही देतात.

शेपटी कापडाचीच घ्या. सिलिकॉनची दिसते सुंदर, पण पंधरा-वीस किलोचं ते धूड एकटीने गाडीतून पुलापर्यंत नेताना पाठ जाते. कमरेएवढ्या पाण्यात, शेजारी कुणाला उभं करून, डोळे मिटून शेपटी काढायचा सराव करा. आधी टाचा सोडवायच्या की आधी कंबर, हे हातांना पाठ झालं पाहिजे. दहा सेकंदांत निघाली नाही तर ती शेपटी कार्यक्रमाला न्यायची नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात अजिबात नाही, डोळ्यांत जंतू जाऊन दृष्टीवर बेततं.

दुसरी गोष्ट वीज. हळदीला पुलाच्या कडेने लाइटच्या माळा, स्पीकर, जनरेटरच्या वायरी असतात आणि आपण ओल्या अंगाने त्याच काठावर बसतो. पाण्यापासून चार-पाच पावलांत उघडा जोड दिसला तर तो हलवल्याशिवाय मी उतरत नाही. त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच, आहे का, हे इलेक्ट्रिशियनला विचारा. त्याचं टेस्ट बटण दाबून दाखवायला सांगा.

फोटोग्राफर सोमेश्वरच्या धबधब्यावर, गोदावरीत शूट करू म्हणतात. नाही म्हणा. पावसाळ्यात शहरात ऊन असलं तरी त्र्यंबकच्या डोंगरात कोसळत असतो, गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की पात्र बघता बघता भरतं. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून पूर मोजणारं आपलं गाव आहे. पाय बांधलेल्या माणसाने त्या पाण्यात काय करायचं?

जमिनीवरचा धोका कुणी बोलत नाही, पण तुम्ही एकट्या आहात म्हणून लिहिते. शेपटी चढवली की आपल्याला उठून जाता येत नाही. नवरदेवाचे मित्र 'उचलून नेतो' म्हणतात, अंगावर हात टाकून फोटो काढतात. मी पाठीशी भिंत असेल, समोर सगळी मोठी माणसं नजरेत राहतील आणि पायऱ्या हाताशी असतील अशी जागा आधीच मागून घेते. फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये गळ्यात असतो. मला कुणी उचलायचं नाही आणि पाण्यातल्या मुलांची जबाबदारी माझी नाही, ही दोन वाक्यं करारात असतात. दारू पिऊन कुणी पाण्यात उतरलं की मी बाहेर येते, पैसे कापले तरी. कपडे बदलायची खोली आतून बंद होते का ते आधी बघा.

आणि हे सगळं जमत नसेल त्या दिवशी कोरडा कार्यक्रम करा. मागच्या मे महिन्यात इंदिरानगरच्या एका सोसायटीत गेले तर पुलाचं पाणी हिरवट, तळ दिसत नव्हता, काठावर पोहणारा कुणी नाही. मी यजमानबाईंना म्हटलं, 'ताई, मी पाण्यात उतरणार नाही, पण इथेच बसते.' त्या नाराज झाल्या. मी उथळ बाजूला, काठापासून दोन हात मागे, कोरड्या जागी शेपटी पसरून बसले आणि मुलांना गोष्टी सांगितल्या. एका पाच वर्षांच्या मुलीने प्लास्टिकच्या मगाने तासभर माझ्या शेपटीवर पाणी ओतलं, जलपरी वाळू नये म्हणून.