जुन्या वाड्याच्या जागी 12 फ्लॅट, आणि सोलारला 16 लाख?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बेळगावच्या शहापुरातला चौघा भावांचा वाडा पाडून बिल्डर 12 फ्लॅट बांधतोय, त्यातले 6 तुमचे, वर 20 लाख रोख. त्यातले 16 लाख घालून गच्चीवर 30 किलोवॅट सोलार बसवायचा म्हणजे 25 वर्षं सगळ्यांचं करंट बिल शून्य, आणि पावसात करंट गेला तरी लिफ्ट चालू, असं धाकट्या भावाचं म्हणणं.

माझं मत सरळ सांगतो, 30 नको, 6 किलोवॅट करा.

गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, घरगुती वापर सरासरी वापराच्या 10 टक्के वर, पण जास्तीत जास्त 200 युनिटपर्यंत, आत्ताच फुकट आहे, मग ज्या घराचं बिल येत नाही किंवा थोडंच येतं ते वाचवायला लाखो रुपये कशाला घालायचे? शिवाय पैसे तुम्हा चौघांचे आणि फायदा बिल्डर विकणार त्या 6 फ्लॅटवाल्यांनापण, हे बरोबर नाही. खरं बिल येणार ते कॉमन मीटरचं, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. 1 किलोवॅटला वर्षाच्या सरासरीने दिवसाला 4 युनिट धरा (जुलैत आठ-आठ दिवस ऊन पडत नाही तेव्हा बरेच कमी), म्हणजे 6 किलोवॅटचे महिन्याला 700 च्या आसपास, एवढ्यात कॉमनचं भागावं. किलोवॅटला 60 हजार धरले तर 3.60 लाख, पीएम सूर्यघरमध्ये (केंद्र सरकारची गच्चीवरच्या सोलारची योजना) सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे 18 हजार सबसिडी, ती वजा जाता 2.52 लाख. युनिट 7 रुपयाने धरलं तर पाचेक वर्षांत वसूल. पण ती योजना 2026-27 पर्यंतचीच आहे, ताबा लांबला तर सबसिडी नाही असं धरूनच हिशोब करा, तरी सहा-सात वर्षांत पैसे सुटतात.

आता लिफ्टचं. साधा ऑनग्रिड सोलार, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेला, हेस्कॉमची (आपल्याकडची वीज कंपनी) लाइन गेली की आपोआप बंद पडतो, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. त्यामुळं 30 किलोवॅट बसवूनसुद्धा लिफ्ट अडकणारच! त्याला हायब्रिड इन्व्हर्टर (लाइन गेली तरी बॅटरीवर चालणारा) आणि लिथियम बॅटरी लागते, ती फक्त लिफ्ट, एक पंप आणि जिन्यापुरती घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला आज जवळजवळ खर्च नाही पण बांधकाम झाल्यावर करताच येत नाही, ते आधी करून घ्या. ऑगस्ट 2019 ला शहरातल्या सखल भागात पाणी कसं शिरलं होतं ते तुम्ही पाहिलंयच, आणि तुमच्या प्लॅनमध्ये मीटर बोर्ड, पंपाचा स्टार्टर सगळं बेसमेंटमध्ये दाखवलंय. गुडघाभर पाणी आलं की गच्चीवरचा सोलार असून नसल्यासारखा, म्हणून बोर्ड वरच्या मजल्यावर न्यायला लावा. पाण्याची टाकी गच्चीच्या उत्तरेला ठेवा म्हणजे पॅनलवर सावली फारशी पडणार नाही, वायरीचा पाइप आत्ताच भिंतीत टाकून घ्या, आणि पॅनलचं स्ट्रक्चर वळवाच्या वाऱ्याला टिकेल असं लिहून घ्या. हे सगळं अ‍ॅग्रीमेंटमध्ये, तोंडी नको. गृहज्योती उद्या बंद झाली तर पॅनल तेव्हा वाढवता येतील की.

उरलेले पैसे बँकेत एक, दोन, तीन वर्षांच्या एफडीत वाटून ठेवा. जास्त व्याज देते म्हणून पतसंस्थेत टाकू नका, तिथं ठेवीला विमा नसतो, एका बँकेत माणशी 5 लाखापर्यंत असतो, त्यामुळं चौघांच्या वेगवेगळ्या नावाने करा. इन्व्हर्टर दहा वर्षांत बदलावा लागतो, त्याची आरडी मात्र 12 ही फ्लॅटच्या मेंटेनन्समधनं, आणि ती अट नवीन घेणाऱ्यांच्या करारात सह्या व्हायच्या आधी घाला.