गुरूच्या गुरूचं नाव

मावशी, मिरजेत बारा वर्षं ख्याल शिकले, आता पॅरिसमध्ये ऑपेरा शिकते. पुढच्या महिन्यात पहिली मैफल आहे. पत्रिकेत गुरुपरंपरा द्यायची कल्पना माझीच. माझे इथले गुरुजी फ्रेंच ऑपेरा गायिका जर्मेन ल्युबँ यांच्याकडे शिकलेले. मैत्रिणीने ते वाचलं आणि म्हणाली, "ती नाझींसमोर गायली होती, नाव काढ." तिच्या आजोबांना युद्धात याच शहरातून धरून नेलं होतं. गुरुजी म्हणतात, "बाई फक्त गायल्या." काय करू?
– अस्वस्थ, पॅरिस

प्रिय अस्वस्थ,

गुरुजींचा तो 'फक्त' मला खटकला. जून 1940 मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. त्यानंतर काही महिन्यांतच ऑपेरातल्या ज्यू कलावंतांना घरी बसवलं गेलं. मे 1941 मध्ये बर्लिनची ऑपेरा मंडळी लवाजम्यासकट तिथे उतरली. वाद्यवृंदापुढे हर्बर्ट फॉन कारायान, समोर गणवेशातले जर्मन अधिकारी, जर्मन संगीतकार वाग्नरचा ऑपेरा 'ट्रिस्टान आणि इझोल्ड', आणि नायिका इझोल्ड कोण, तर पॅरिसचीच लाडकी गायिका ल्युबँ. जेत्याला हवं होतं ते हेच. सूर चोखच लागले असणार. बेसूर बाईला कशाला कोण बोलावतंय?

तिच्या मुलाची गोष्टही तुझ्या कानावर येईल. तो युद्धकैदी होता, वाग्नर घराण्यातल्या ओळखीने सुटला. त्याबद्दल आई म्हणून मी तिला एक शब्द बोलणार नाही. पण बायरॉइटला, वाग्नरच्या ऑपेरांचा महोत्सव भरतो त्या जर्मन गावी, ती 1939 च्या उन्हाळ्यातच इझोल्ड गायली होती, हिटलरने तोंडभरून कौतुकही केलं होतं. तेव्हा मुलगा कुणाच्या कैदेत नव्हता.

दुसरी वाट नव्हतीच, असंही नाही. नॉर्वेची ऑपेरा गायिका कर्स्टन फ्लागस्टाड 1941 मध्ये अमेरिका सोडून व्यापलेल्या नॉर्वेत नवऱ्याकडे परतली. नवरा नाझींना साथ देणाऱ्या क्विसलिंगच्या पक्षातला. तरी जर्मनांच्या ताब्यातल्या मुलखात ती गायली नाही. (त्याचं श्रेय मिळालं म्हणशील तर तेही नाही. 1947 मध्ये अमेरिकेत तिच्याविरुद्ध निदर्शनं झाली.)

ल्युबँने भोगलंही. 1944 मध्ये अटक, मग तुरुंग, नागरी हक्क गेले, मालमत्ता जप्त. 1950 मध्ये पुन्हा गायली, पण ते दिवस काही परत आले नाहीत. मग शिकवण्या. पुढे नावाजलेली फ्रेंच गायिका रेजीन क्रेस्पँही तिच्याकडे शिकली.

आता तुझं. नाव काढू नकोस. तिची तालीम तुझ्या गळ्यापर्यंत पोचलीय, ती पत्रिकेतून खोडून जाणार नाही. पण नुसतं मिरवूही नकोस. नावाखाली एक ओळ घाल: 'मे 1941 मध्ये व्यापलेल्या पॅरिसमध्ये जर्मन अधिकाऱ्यांसमोर गायल्या, युद्धानंतर शिक्षा झाली.' विशेषण एकही नको. छापण्याआधी ती ओळ मैत्रिणीला दाखव. तिला पटलंच पाहिजे असं नाही. आणि ती मैफलीला आली नाही, तर रुसायचं नाही.

गुरुजींशी वाद घालत बसू नकोस. एखाद्या दिवशी रियाज संपल्यावर एवढंच विचार, की बाई त्या रात्रीबद्दल तुमच्याशी कधी काही बोलल्या होत्या का? मिरजेत गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायची सवय तुला लागलेली असेल. ल्युबँचं नाव घेताना तो हात उचलायचा की नाही, हे त्यांचं उत्तर ऐकून ठरव.

– तुझी मावशी