जुने सिमेंट पत्रे काढताना तोंडाला रुमाल बांधला तर पुरे का?

पुरत नाही. तुमचा भाऊ बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या जुन्या शेडचे पत्रे उतरवतो आणि ग्राइंडर लावला की पांढरी धूळ उडते, असं तुम्ही लिहिलंय. तो ग्राइंडर आधी बंद करायला सांगा. आजच.

या पत्र्यांत साधारण 8-10 टक्के तंतुमय खनिज, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पत्रा शाबूत आहे तोवर ते सिमेंटमध्ये धरून असतं. कापला, फोडला की तंतू सुटतात. तुटलेल्या कडेला बारीक केसांसारखी लव दिसते, ती तीच. छातीत जातात ते तर डोळ्यांना दिसतही नाहीत.

मी बेळगावात बरीच वर्षं शेडची कामं केली. आम्ही नंतर उसावर मारायचा पाठीवरचा पंप वापरायला लागलो. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकायचे, पत्रा दोन्हीकडून भिजवायचा. पत्रा धरून ठेवणारा वाकडा जे-बोल्ट गंजून निघाला नाही तर बोल्ट कापायचा, पत्रा फोडायचा नाही. दोरीनं अख्खा खाली घ्यायचा आणि जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा. वर चढताना फळी टाकूनच. जुना पत्रा पायाखाली फुटतो. खालचा चुरा कोरडा झाडायचा नाही, ओल्या फडक्यानं टिपायचा. तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात भरायला देतात, तेही नको.

हे सगळं पाळायचंच, आणि काम करताना वर मास्क. अगदी बारीक धूळ अडवणारा, पी100 फिल्टरचा किंवा एफएफपी3 दर्जाचा. मेडिकलमधला निळा मास्क उपयोगाचा नाही, आणि दाढी असली तर चांगला मास्कही नीट बसत नाही.

कपडे तिथंच बदलायला लावा. मी सुरुवातीला तेच अंगावर घेऊन घरी यायचो. बायको अंगणात झटकून मग धुवायची, पोरगी तिथंच खेळत असायची. ते आठवलं की अजून झोप लागत नाही.

विडी ओढत असेल तर सोडायला सांगा; अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूर मिळून फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

या धुळीनं होणारे आजार 20 ते 40 वर्षांनी वर येतात. म्हणूनच 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांना कामगारांच्या तब्येतीची नोंद 40 वर्षं, किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवायला सांगितलं. ठेकेदाराकडच्या रोजंदारीच्या माणसाची नोंद कोण ठेवणार? भावाला एक वही करून द्या. कुठली शेड, किती दिवस, ठेकेदार कोण, तारखेसकट लिहू दे. छातीच्या डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्यायची.